गुळाचा खोका विटकरी छापला, त्यातून झालेली मॉनिटर-खरेदी

दिवाळीच्या तीन आठवडे आधी माझ्या मावसबहिणीचा कोल्हापूरहून फोन आला. "दादा, छापखान्यानं वाट लावली बघ. केशरी दिलेला, विटकरी छापून दिलाय." जॉब होता एक किलो गुळाच्या खोक्याचा, नग ३,०००. गुऱ्हाळवाल्या गिऱ्हाइकाने खोका हातात घेतला आणि एकच वाक्य म्हटलं, "ह्यात गूळ हाय का वीट?" पुन्हा छापण्याचा खर्च २७,००० रुपये आला. छापखाना म्हणाला फाइलच तशी होती, बहीण म्हणाली शाई चढवलीत. शेवटी निम्मं-निम्मं ठरलं आणि १३,५०० रुपये तिच्या अंगावर आले.

पुण्यातल्या एका ऑफसेट छापखान्यात मी २२ वर्षं प्रीप्रेसला (छपाईआधी फाइली तयार करण्याच्या कामाला) काढली, त्यामुळे असले फोन घराण्यात मलाच येतात. बहीण राजारामपुरीत घराच्या पुढच्या खोलीत डिझाइनचं काम करते. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, मसाल्याच्या पाकिटांची लेबलं, यात्रेचे फ्लेक्स असं सगळं तिच्याकडे येतं. खोक्याचं काम एवढ्या मोठ्या संख्येने पहिल्यांदाच आलं होतं. फोनवरच तिने जाहीर करून टाकलं, "नवा मॉनिटर घेणार आहे. ४०,००० बाजूला काढलेत. कुठला घेऊ सांग."

मी म्हटलं, आधी छापखान्यातून त्या जॉबचा वेस्टेजचा, म्हणजे छपाईत वाया गेलेला, एखादा पूर्ण कागद मागून घे, कडेच्या पट्टीसकट. मग मी येतो.

कडेच्या पट्टीने काय सांगितलं

खोके कापून, क्रीज मारून, चिकटवून झाले की पुरावा निम्मा नाहीसा होतो, कारण कागदाच्या कडेची कलर पट्टी डायमध्ये कटून जाते. मशीनमन शाई कमी-जास्त करतो ती त्याच पट्टीकडे बघून. तिच्यात चारही शाईंचे (सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, यलो आणि काळा) भरीव चौकोन असतात, आणि बहुतेक वेळा एक राखाडी चौकोन असतो, साधारण सायन ५०, मॅजेंटा ४०, यलो ४० टक्के असा. तीन शाया बरोबर पडल्या तर तो करडा दिसतो. मॅजेंटा चढला तर गुलाबी झाक मारतो, यलो चढला तर शेवाळी होतो.

वेस्टेजच्या कागदावरचा चौकोन स्वच्छ करडा होता आणि भरीव चौकोनांतही काही वावगं नव्हतं. म्हणजे मशीनमनने शाई ठीक सोडली होती, आणि बहिणीला ते ऐकायला आवडलं नाही.

मग फाइल उघडली. खोक्याच्या पार्श्वभूमीचे आकडे होते सायन १०, मॅजेंटा ६५, यलो १००, काळा ८. ज्याने ऑफसेटचं शेडकार्ड (छापील रंगांचे नमुने आणि त्यांचे आकडे) हाताळलंय त्याला हे आकडे वाचूनच वीट दिसेल. केशरी हवा असेल तर मॅजेंटा ४५ च्या आसपास, यलो ९५, आणि सायन-काळा शून्य. केशरीत सायन घातला की तो मळतो, कारण सायन केशरीच्या जवळपास विरुद्ध बाजूचा रंग आहे. दहा टक्के पुरतो.

"हे आकडे कुठून आणलेस?" मी विचारलं.

"कुठून म्हणजे? बघूनच की. पडद्यावर लई भडक दिसत होता, डोळ्यांत खुपत होता. म्हणून जरा दाबला."

सगळं प्रकरण ह्या 'जरा दाबला' मध्येच होतं.

जुना पडदा

तिच्याकडे साडेएकवीस इंची मॉनिटर होता, पॅनेल टीएन जातीचं. हे पॅनेल स्वस्त आणि चपळ, पण डोळ्यांची उंची जराशी बदलली की रंगही बदलतो. एकच सपाट केशरी चौकोन पडद्याच्या वरच्या कडेला गडद आणि खालच्या कडेला फिका दिसत होता. बहीण काम करताना खिडकी वर-खाली सरकवायची हे मी आधीही पाहिलं होतं, पण तेव्हा ती तिची सवय वाटली. विचारलं तर म्हणाली, "मधोमध आणलं की खरा रंग दिसतो." पाच वर्षं ती पडद्यावरच्या एका पट्ट्यात खरा रंग शोधत होती.

मी पुण्याहून कॅलिब्रेटर नेला होता. पडद्यावर टेकवायचं छोटं यंत्र असतं, पडद्यातून निघणारा प्रकाश आणि रंग मोजतं. पांढऱ्या पडद्यावर वाचन आलं २६० कँडेलाच्या (उजेडाचं माप) पुढे आणि ८,००० केल्विनच्या (आकडा जितका मोठा तितका पांढरा निळसर) वर. छपाईच्या कामाला पडदा साधारण ८० ते १२० कँडेलावर ठेवतात आणि पांढरा ६,५०० केल्विनच्या आसपास. म्हणजे तिचा पडदा दुपटीहून जास्त उजळ होता आणि चांगलाच निळसर होता. कारखान्यातून निघताना बऱ्याच मॉनिटरांची सेटिंगं अशीच असतात, कारण दुकानात शेजारच्या मॉनिटरपेक्षा जास्त चमकणारा मॉनिटर विकला जातो.

आता ह्या पडद्यासमोर बसून केशरी बनवायला घ्या. पडदा निळसर, म्हणून केशरी पुरेसा उबदार दिसत नाही, मग मॅजेंटा वाढवायचा. पडदा झगझगीत, म्हणून तोच रंग डोळ्यांत खुपतो, मग वर काळा आणि सायन घालून दाबायचा. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि पडद्यावर छान केशरी दिसतो. कागदाला मागून दिवा नसतो. तिथे फक्त आकडे उरतात.

खोलीनेही हातभार लावला होता. पूर्वेची खिडकी पाठीशी, भिंत पोपटी आणि वर थंड पांढरी ट्यूब. पांढरा कागद टेबलावर ठेवला तर त्याच्या कडेला हिरवी झाक दिसत होती. भिंतीचा रंग मेहुण्यांच्या आवडीचा, त्यामुळे मी तिथे जरा जपून बोललो.

पर्याय, आणि त्यांच्यामागची माणसं

तिचा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या डोक्यात ३२ इंची वक्र मॉनिटर होता, १६५ हर्ट्‌झचा. कारण उघड आहे, गेम. पण ३२ इंचात २५६० बाय १४४० पिक्सेल पसरले की इंचाला ९२ च उरतात, तिच्या जुन्या पडद्यापेक्षाही कमी (तिथे १०२ होते). शिवाय तो पडदा व्हीए जातीचा होता. काळा रंग गडद देतो, पण बाजूने पाहिलं की सावल्यांचे टोन हलतात. आणि वक्र पडद्यावर खोक्याची डायलाइन (कापायच्या-दुमडायच्या रेघा) सरळ आहे की नाही ते ठरवताना मी तरी स्वतःवर विश्वास ठेवणार नाही. मुलगा दोन दिवस गप्प होता.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराने दुसरा पर्याय काढला. २७ इंची ४के, आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिलं तरी रंग फारसा न बदलणारं), पी३ रंगकक्षा (पडदा किती रंग दाखवू शकतो त्याचं एक माप) ९५ टक्के, एका केबलने लॅपटॉप चार्ज करणारा. किंमत जीएसटी धरून ३८,००० च्या घरात. त्याने लगेच समुद्रातल्या माशांचा व्हिडिओ लावला. "ताई, बघा कसलं भारी दिसतंय." दिसत होतंच. पण मासे तिला छापायचे नव्हते.

तिसरा पर्याय २७ इंची, २५६० बाय १४४०, आयपीएस, एसआरजीबी ह्या लहान रंगकक्षेचे १०० टक्के, सोबत कारखान्याचा रंगतपासणीचा कागद, डेल्टा ई (रंगातल्या चुकीचा आकडा) दोनच्या आत. साधारण २४,०००. कुणाला त्यात फारसा रस नव्हता, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

चौथा माझ्या मनातला. पुण्यातल्या एका ओळखीच्या फोटोग्राफरचा वापरलेला २४ इंची व्यावसायिक मॉनिटर, १९२० बाय १२००, ॲडोबी आरजीबी ९९ टक्के, आतल्या आत कॅलिब्रेट होणारा. मागत होता २०,०००. असले मॉनिटर पाहिले की मला मोह होतो, हे कबूल करतो. पण मेनूमध्ये वापराचे तास दिसत होते आणि ते २३,००० होते. मागचा दिवा म्हातारा होतो तसा मंद आणि पिवळा होत जातो. कॅलिब्रेट करून पिवळेपणा काढता येतो, पण त्यासाठी उजेड आणखी खर्ची पडतो. कोल्हापुरात तो बिघडला तर दुरुस्तीला कुठे न्यायचा हाही प्रश्न होता. मोह गिळला.

टक्केवारीची भाषा

दुकानात सगळे जण टक्क्यांत बोलतात, आणि टक्के कशाचे ते कुणी विचारत नाही. एका खोक्यावर '७२% एनटीएससी' लिहिलेलं होतं, दुसऱ्यावर '१००% एसआरजीबी'. बहिणीने साहजिकच दुसरा मोठा धरला. प्रत्यक्षात एनटीएससी हे अमेरिकेतल्या १९५३ च्या रंगीत टीव्हीचं माप आहे आणि त्याचे ७२ टक्के म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास पूर्ण एसआरजीबीच. ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं दिसलं तर मात्र मॉनिटर परत ठेवावा. तो रंगकामाचा नाही.

एसआरजीबी ही रंगकक्षा १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडली, त्या काळच्या काचेच्या मॉनिटरांवर बेतलेली. ॲडोबी आरजीबी १९९८ ची. तिचा हेतूच असा की छपाईतले हिरवे-निळसर रंग पडद्यावर मावावेत. पी३ आली डिजिटल सिनेमाच्या प्रोजेक्टरसाठी, आणि मग फोन-लॅपटॉपमध्ये शिरली. मोठी कक्षा म्हणजे आपोआप चांगला मॉनिटर, असं नाही. मोठी कक्षा म्हणजे लाल आणखी लाल दाखवता येतो, आणि हे दाखवणं कधी थांबवायचं ते सांगायला कुणीतरी लागतं. ते काम सॉफ्टवेअरचं असतं.

बहिणीचं सॉफ्टवेअर म्हणजे कोरलड्रॉची जुनी आवृत्ती आणि श्री-लिपीचे फॉन्ट. युनिकोड नसलेल्या त्या फॉन्टमध्ये तिच्या दहा वर्षांच्या पत्रिका साठवलेल्या आहेत, त्यामुळे 'नवं घे' म्हणणं सोपं, करणं अवघड. गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात, ते ती विंडोजच्या साध्या फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडते. असल्या प्रोग्रॅमांना रंगकक्षेचं भान असेलच असं नाही. भान नसलेला प्रोग्रॅम आणि मोठ्या कक्षेचा पडदा एकत्र आले की माणसांचे चेहरे टोमॅटोसारखे होतात, हळद निऑन होते. मग काय करायचं? पडदा एसआरजीबी मोडवर बांधून ठेवायचा. मग जास्तीच्या कक्षेचे पैसे कशाला दिले?

उलट बाजू मी तिच्यापासून लपवली नाही. आर्ट पेपरवर, म्हणजे चकचकीत कागदावर, छापलेला भरीव सायन आणि काही हिरवे रंग एसआरजीबीत मावत नाहीत. मोरपंखी, पोपटी हे रंग एसआरजीबी पडद्यावर कायम थोडे कमीच दिसणार. ती जर चकचकीत कागदावर साड्यांचे नाहीतर पर्यटनाचे कॅटलॉग करत असती, तर मी मोठ्या कक्षेकडे बोट दाखवलं असतं आणि सॉफ्टवेअरही बदलायला लावलं असतं. पण तिच्या कामात डुप्लेक्स बोर्डवर (खोक्याच्या पुठ्ठ्यावर) मॅट लॅमिनेशनचे खोके आणि मॅपलिथोवरची (चकाकी नसलेल्या साध्या कागदावरची) लेटरहेडं जास्त. मॅपलिथो शाई पितो, मॅट लॅमिनेशन रंगाचा जोर उतरवतं. तिथे छापून येणारी कक्षा इतकी लहान असते की पी३ चा पडदा तिला रोज खोटी आशा दाखवणार आणि गिऱ्हाईक त्याच आशेवर सही करणार.

अक्षरं

४के नाकारताना मला एका गोष्टीचं वाईट वाटलं, ते अक्षरांसाठी. खोक्याच्या मागच्या बाजूला घटकपदार्थ, निव्वळ वजन, एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, पत्ता असं सगळं बारीक छापायचं असतं, बऱ्याचदा ८ पॉइंटात. २७ इंची ४के पडद्यावर इंचाला १६३ पिक्सेल येतात, म्हणजे ८ पॉइंटाच्या ओळीला १८ पिक्सेल. २५६० बाय १४४० वर इंचाला १०९, म्हणजे १२ च. इंग्रजीला १२ चालतात. मराठीत त्याच उंचीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार बसवायचा असतो. 'शुद्ध' आणि 'शुध्द' यांतला फरक १२ पिक्सेलमध्ये ताडणं चाळिशीच्या चष्म्याला जड जातं.

तरी दोन गोष्टी आड आल्या. तिच्या संगणकाचा एचडीएमआय जुना, १.४ चा. त्यातून ४के गेला तरी सेकंदाला ३० चित्रंच जातात आणि माऊस चिखलातून चालल्यासारखा चालतो. मग ग्राफिक्स कार्ड घ्या, त्यासाठी एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदला, अशी रांग लागते. दुसरं, तिच्या कोरलड्रॉमध्ये ४के पडद्यावर टूलबारची चित्रं तिळाएवढी होतात. वाचताना झूम करता येतं, टूलबारला झूम नसतं. अक्षरांसाठी आम्ही साधा उपाय ठरवला: मागची बाजू नेहमी घरच्या लेझर प्रिंटरवर शंभर टक्के आकारात काढून कागदावरच वाचायची. मुद्रितशोधन तसंही कागदावरच नीट होतं.

आकाराचं गणित मात्र २७ इंचाच्या बाजूने सरळ होतं. तिचा उघडा खोका साधारण ३८ बाय २७ सेंटिमीटरचा. जुना पडदा उंचीला २६.८ सेंटिमीटर, त्यात टूलबार धरला तर खोका खऱ्या आकारात मावतच नव्हता. २७ इंची पडदा जवळपास ६० बाय ३३.६ सेंटिमीटरचा असतो. ए३ कागद खऱ्या आकारात बसतो आणि बाजूला रंगांची पेटी उघडी ठेवता येते. गिऱ्हाइकाला खोका 'एवढाच होणार' म्हणून दाखवता येतो, आणि लोगो मोठा करा म्हणणारी निम्मी गिऱ्हाइकं तिथेच गप्प होतात.

दुकानातली परीक्षा

तिसऱ्या पर्यायावर मत झुकलं होतं, पण कागदावरच्या आकड्यांवर मॉनिटर घ्यायचा नाही हा माझा हट्ट. पेनड्राइव्हवर पाच फाइली नेल्या: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा सलग उतार, सपाट मध्यम करडा, पूर्ण काळा, एका लग्नातला घरच्यांचा फोटो, आणि गुळाच्या खोक्याची फाइल. पिशवीत छापलेला विटकरी खोकाही होता.

आधी मॉनिटर एसआरजीबी मोडवर आणून उजेड खाली घेतला. दुकानदार कळवळला. "अहो, मळकट दिसायला लागला." मळकट नव्हे, कागदासारखा दिसायला लागला. उतारावर पट्टे दिसतात का ते पाहिलं. पॅनेल खरं ८ बिटी असेल तर प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात आणि उतार सलग जातो. ६ बिटी पॅनेलला ६४ च पायऱ्या असतात, बाकीच्या लुकलुकवून भासवतात. ह्याचा उतार गुळगुळीत होता, फक्त अगदी काळ्याजवळ दोन पायऱ्या अडखळल्या. चालण्यासारखं. सपाट करड्यावर उजवा खालचा कोपरा किंचित उबदार होता. पूर्ण काळ्यावर दुकानातले दिवे बंद करायला लावले, तेव्हा डाव्या वरच्या कोपऱ्यातून थोडा उजेड पाझरताना दिसला. आयपीएसमध्ये थोडा असतोच. त्या मॉनिटरपेक्षा त्याच मॉडेलचा दुसरा नग बरा निघाला, तो घेतला. दुकानातून घेण्याचा हा फायदा आहे. ऑनलाइन हजार-दीड हजार कमी होते, पण कोपरा पसंत नाही म्हणून परत पाठवायला कुरिअरवाल्याला कोण समजावणार?

मग खोक्याची फाइल उघडली आणि छापलेला खोका पडद्याशेजारी धरला. बहीण काही क्षण बघत राहिली. पडद्यावरही वीटच होती, जशीच्या तशी नाही, पण वीटच.

"म्हणजे चूक माझीच होती," ती म्हणाली.

"चूक पडद्याची. सही तुझी," मी म्हटलं. ह्यावर तिने मला चहा पाजला नाही.

उरलेले १६,०००

मॉनिटर २४,००० ला पडला. उरलेल्या पैशांतून चांगला कीबोर्ड, खुर्ची असं काय काय तिच्या यादीत होतं. मी आधी कॅलिब्रेटर म्हटलं. तिला ते पटेना. कारखान्याचा तपासणीचा कागद आहे ना सोबत? आहे, पण तो त्या दिवसाचा. पडद्यामागचा दिवा महिन्यागणिक बदलत जातो. शिवाय कागदावरची तपासणी कारखान्याच्या सेटिंगला झालेली असते, तिच्या खोलीतल्या १०० कँडेलाला नव्हे.

गल्लीत एक लग्नाचे फोटो काढणारा आहे. त्यालाही हे यंत्र हवंच होतं. दोघांनी मिळून घेतलं, बहिणीच्या वाट्याला ९,००० आले. महिन्याच्या पहिल्या रविवारी यंत्र तिच्याकडे, दुसऱ्या रविवारी त्याच्याकडे. सॉफ्टवेअर मी डिस्प्लेकॅल टाकून दिलं, ते फुकट मिळतं. लक्ष्य ठेवलं ६,५०० केल्विन, गॅमा (मधल्या टोनची उजळणी) २.२, उजेड १०० कँडेला. मोजण्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवायचा ही एक गोष्ट तिला तीनदा सांगावी लागली.

टेबलावरच्या दिव्यासाठी ५,००० केल्विनची, रंग नीट दाखवणारी एलईडी ट्यूब घेतली, सीआरआय ९० च्या पुढची. छपाईचे नमुने पाहायला जगभर ५,००० केल्विनचाच प्रकाश वापरतात. पडदा ६,५०० आणि कागदावरचा दिवा ५,००० हे विसंगत नाही का, असं तिने विचारलं, आणि प्रश्न चांगला होता. पडदा आणि कागद अगदी शेजारी ठेवून जुळवणारे काही जण पडदाही ५,००० वर आणतात. पण दिवसभर त्या पिवळट पडद्यासमोर व्हॉट्सॲप आणि बिलं करायची तर डोळा वैतागतो. आता ती पडद्यावर रंग जुळवत नाही, आकडे शेडकार्डवरून घेते आणि पडद्यावर फक्त खातरजमा करते. तिला ६,५०० पुरतात. पाठीमागच्या खिडकीला जाड पडदा लागला. पोपटी भिंतीचं प्रकरण मेहुण्यांनी स्वतःच मिटवलं, पण फक्त मॉनिटरमागची भिंत फिकट राखाडी झाली, बाकी तीन पोपटीच आहेत.

मॉनिटर घरी लावल्यावर पहिल्या संध्याकाळी रडारड झाली. काळा रंग राखाडी दिसत होता, सगळं चित्र धुक्यात. दुकानात असं नव्हतं. बहिणीला वाटलं दुकानदाराने नग बदलून दिला. फोनवरच मी तिला ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये पाठवलं. एचडीएमआयवर संगणकाने पडद्याला टीव्ही समजून रंगांची रेंज 'लिमिटेड' ठेवली होती, म्हणजे ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५. 'फुल' केली, धुकं गेलं. असल्या कारणाने चांगले मॉनिटर दुकानात परत जातात.

दुसऱ्यांदा छपाई

नवे आकडे डोळ्यांनी बनवले नाहीत. छापखान्यालाच विनंती करून दुसऱ्या एका जॉबच्या कडेला रिकाम्या जागेत, त्याच डुप्लेक्स बोर्डवर, केशरीचे १२ चौकोन छापून घेतले: मॅजेंटा ३५ ते ५५, यलो ९० ते १००, सायन आणि काळा शून्य. अर्ध्या चौकोनांवर मॅट लॅमिनेशन चढवलं. छापखान्याने पैसे घेतले नाहीत, बहुधा आधीच्या भांडणाची लाज दोन्हीकडे होती. गिऱ्हाइकाला बोलावून नव्या ट्यूबखाली बारा चौकोन पुढे केले. त्याने लॅमिनेशन केलेल्यांपैकी मॅजेंटा ४२, यलो १०० वर बोट ठेवलं. "ह्यो. काकवीसारखा नको, गुळासारखा पायजे."

तो चौकोन पडद्यावर थोडा जास्त चमकदार दिसतो, अजूनही. बोर्ड पूर्ण पांढरा नसतो आणि लॅमिनेशनचा मार पडद्याला कळत नाही. पण फरक आता एकाच दिशेचा आहे आणि नेहमी तेवढाच, म्हणून बहिणीला तो मनात वजा करता येतो. आधी फरक किती आणि कुठल्या बाजूला, हेच कळत नव्हतं. बारा चौकोनांचा तो तुकडा तिने मॉनिटरच्या स्टँडला अडकवून ठेवलाय, उन्हापासून दूर, जुन्या पत्रिकेच्या पाकिटात.

जुना मॉनिटर फेकलेला नाही. तो दुसरा पडदा म्हणून शेजारी लावलाय, त्यावर व्हॉट्सॲप आणि बिलांचं एक्सेल चालतं. अडचण एकच झाली. गिऱ्हाईक समोर बसलं की त्याची नजर जुन्या, झगझगीत पडद्याकडे जाते, आणि दर तिसरा माणूस म्हणतो, "ताई, ह्या बारक्या स्क्रीनवर दिसतोय तसला रंग द्या." म्हणून बेल वाजली की ती आधी जुना मॉनिटर बंद करते, मग दार उघडते.